अकरा नंबरची जर्सी: चेस्टर विल्यम्स आणि एका पोस्टरची गोष्ट

पॉडकास्ट ऐकायला वेळ नाही पण वाचायला आवडतं, अशा सगळ्यांसाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना घेतलेले श्वास आणि 'अं... अं...' तेवढे काढून टाकलेत, बाकी जवळपास तसंच आहे.

दक्षिण आफ्रिकेचं खेळातलं पुनरागमन म्हटलं की आपल्याला नोव्हेंबर १९९१ आठवतो. कोलकात्याचं ईडन गार्डन्स, क्लाइव्ह राइसचा संघ, भरून वाहणारं स्टेडियम. त्याआधीचा एक प्रसंग मात्र आपण विसरतो. १९७४ साली भारत डेव्हिस कपच्या अंतिम फेरीत पोहोचला होता आणि समोर होती दक्षिण आफ्रिका. आपण खेळलोच नाही. वर्णद्वेषी राजवटीच्या विरोधात भारताने सामना सोडून दिला आणि कप त्यांना आयता मिळाला. म्हणजे या गोष्टीत आपणही एका कोपऱ्यात उभे आहोत. आज मात्र मला टेनिस किंवा क्रिकेटबद्दल नाही, रग्बीबद्दल बोलायचंय. आणि त्यातही एका माणसाबद्दल, चेस्टर विल्यम्सबद्दल.

आधी रग्बी दोन मिनिटांत समजून घेऊ. रग्बी युनियनमध्ये एका बाजूला पंधरा खेळाडू. आठ फॉरवर्ड, म्हणजे धक्काबुक्की करून चेंडू मिळवणारे दणकट गडी. उरलेले सात बॅक, म्हणजे तो चेंडू घेऊन पळणारे. चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही, फक्त मागे किंवा बाजूला. त्यामुळे तो हातोहात सरकत मैदानाच्या कडेला जातो आणि तिथे उभा असतो विंगर, नंबर ११ किंवा १४. पंगतीत अगदी शेवटी बसलेल्या माणसासारखी त्याची अवस्था असते. जिलबी त्याच्यापर्यंत पोहोचेलच याची खात्री नाही. पण पोहोचली, तर रेषेपलीकडे चेंडू टेकवून पाच गुण मिळवायचे. त्याला 'ट्राय' म्हणतात. चेस्टर होता विंगर, नंबर ११.

जन्म १९७०, केप टाउनजवळचं पार्ल गाव. याच पार्लजवळच्या तुरुंगातून फेब्रुवारी १९९० मध्ये नेल्सन मंडेला चालत बाहेर आले. सरकारी कागदावर चेस्टर 'कलर्ड' होता. १९५० च्या कायद्याने प्रत्येक माणसाची वंशानुसार नोंद केली होती आणि मिश्र वंशाच्या लोकांसाठी हा एक रकाना होता. या समाजाच्या पूर्वजांमध्ये डच कंपनीने गुलाम म्हणून केपला आणलेली माणसंही आहेत, आणि त्यातली काही बंगाल आणि मलबारहून आणलेली होती. असो, तो वेगळ्या भागाचा विषय आहे.

आता इथे एक गैरसमज दूर करूया. 'रग्बी हा गोऱ्यांचा खेळ, मग त्यात चेस्टर आला' अशी गोष्ट सांगितली जाते. ती चूक आहे. केपमधल्या कलर्ड क्लबांची स्वतःची संघटना १८८६ पासून होती. ईस्टर्न केपमधल्या कृष्णवर्णीय गावांतही रग्बी पिढ्यान्‌पिढ्या खेळली जात होती. खेळ सगळ्यांचा होता. राष्ट्रीय संघाची हिरवी जर्सी, म्हणजे स्प्रिंगबॉक होण्याचा मान, तेवढा एका रंगासाठी राखीव होता. १९८१ मध्ये एरल टोबियास हा पहिला अपवाद. १९८४ मध्ये दुसरा, एव्हरिल विल्यम्स. हे चेस्टरचे काका. म्हणजे घरात रग्बी होतीच.

पण त्या काळात ती जर्सी घालणं म्हणजे आपल्याच लोकांचे बोल ऐकणं. वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या क्रीडा संघटनांचं म्हणणं सरळ होतं: समाजच नॉर्मल नाही, तर खेळ नॉर्मल कसा असेल? कृष्णवर्णीय प्रेक्षक स्टेडियममधल्या त्यांच्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या कोपऱ्यात बसायचे आणि परदेशी संघाला टाळ्या द्यायचे. बहिष्कारामुळे १९८७ आणि १९९१ च्या पहिल्या दोन रग्बी विश्वचषकांत दक्षिण आफ्रिका नव्हतीच. १९९२ मध्ये गोऱ्यांची आणि वंशभेद न मानणारी अशा दोन्ही संघटना एकत्र आल्या. नोव्हेंबर १९९३ मध्ये ब्युनोस आयर्सला अर्जेंटिनाविरुद्ध चेस्टर पहिली कसोटी खेळला.

मग आला १९९५. विश्वचषक थेट दक्षिण आफ्रिकेतच. मंडेला राष्ट्राध्यक्ष होऊन एकच वर्ष झालेलं. जाहिरातदारांना नव्या देशाचा चेहरा हवा होता आणि संघात गोरा नसलेला एकच चेहरा होता. चेस्टर पोस्टरवर झळकला. आणि नेमका स्पर्धेच्या तोंडावर त्याचा हॅमस्ट्रिंग दुखावला. चेस्टर संघाबाहेर, पोस्टर मात्र भिंतीवरच!

पुढे जे झालं ते पटकथेत लिहिलं असतं तर दिग्दर्शकाने 'जास्त फिल्मी आहे' म्हणून कापलं असतं. ३ जूनला पोर्ट एलिझाबेथमध्ये कॅनडाविरुद्धच्या सामन्यात मैदानावर तुफान हाणामारी झाली. त्यात चेस्टरच्या जागी खेळणारा विंगर पीटर हेंड्रिक्स निलंबित झाला. चेस्टरचा पाय तोवर बरा झाला होता. त्याला परत बोलावलं. १० जूनला एलिस पार्कवर वेस्टर्न सामोआविरुद्ध उपांत्यपूर्व फेरी. दक्षिण आफ्रिका ४२, सामोआ १४. त्यात चेस्टरचे चार ट्राय. विश्वचषकात एका सामन्यात चार ट्राय करणारा तो पहिला स्प्रिंगबॉक.

२४ जूनचा न्यूझीलंडविरुद्धचा अंतिम सामना बहुतेकांना 'इन्व्हिक्टस' सिनेमामुळे माहीत असतो. जादा वेळेपर्यंत गेलेला, १५-१२ असा. त्या सामन्यात एकही ट्राय झाला नाही. सगळे २७ गुण पायाने मारलेले. मंडेलांनी कर्णधार पिनारची ६ नंबरची जर्सी घालून चषक दिला. मैदानावर उतरलेल्या पंधरांत गोरा नसलेला खेळाडू एकच, चेस्टर.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. 'तो गुणवत्तेवर होता, की रंगामुळे?' हा प्रश्न चेस्टरला आयुष्यभर चिकटला. मंडळी, हा प्रश्न मला ओळखीचा वाटतो. मी ज्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलो तिथे पहिल्याच आठवड्यात विचारणा व्हायची, 'सीईटीला किती?' आणि मग जरा आवाज खाली करून, 'कुठल्या कॅटेगरीतून?' चार वर्षांनंतर त्या मुलाने कितीही चांगला कोड लिहिला, तरी काहींच्या डोक्यात ती चिठ्ठी चिकटलेलीच असायची. उत्तर पहिल्या दिवशीच ठरलेलं असलं, की पुढचा डेटा कोणी बघतच नाही.

आपण डेटा बघू. २७ कसोटी, १४ ट्राय. म्हणजे दर दोन कसोटींमागे एकापेक्षा किंचित जास्त. १९९६ आणि १९९७ चा मोठा काळ गुडघ्याच्या दुखापतींनी खाल्ला, तरी तो परत आला आणि २००० पर्यंत कसोटी खेळला. माझ्या मते लोक दोन वेगळे प्रश्न एकात गुंडाळतात. एक, तो चांगला होता का? होता, आकडे समोर आहेत. दोन, त्याचा चेहरा वापरला गेला का? गेला, हेही खरं. दुसऱ्या उत्तरामुळे पहिलं खोटं ठरत नाही.

हे त्याने स्वतःच बोलून दाखवलं. २००२ मध्ये त्याचं अधिकृत चरित्र आलं आणि गोड गोष्टीला तडा गेला. एका सहकाऱ्याने पूर्वी वर्णावरून शिवीगाळ केली होती, संघात आपल्याला एकटं वाटायचं, असं त्यात होतं. बराच गदारोळ झाला. 'सगळा देश एक झाला' ही आठवण लोकांना जपायची होती आणि पोस्टरवरचा माणूसच म्हणत होता की आतून ते तसं नव्हतं. मला यात कडवटपणा दिसत नाही. पोस्टर बोलत नाही, माणूस बोलतो, एवढंच.

नंतर तो प्रशिक्षक झाला. त्याच्या सेव्हन्स संघाने २००२ च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्य मिळवलं. पुढे युगांडा, रोमानिया, ट्युनिशिया अशी भटकंती. शेवटी वेस्टर्न केप विद्यापीठाचा संघ. १९६० मध्ये कलर्ड विद्यार्थ्यांसाठी वेगळं काढलेलं तेच हे विद्यापीठ. ६ सप्टेंबर २०१९ ला हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. वय अवघं ४९.

त्याच दिवशी जपानमध्ये विश्वचषकाच्या सरावसामन्यात स्प्रिंगबॉकने जपानला हरवलं आणि ११ नंबरच्या माकाझोले मापिम्पीने तीन ट्राय केले. आठ आठवड्यांनी, २ नोव्हेंबरला, अंतिम सामन्यात इंग्लंडविरुद्ध ३२-१२. कर्णधार सिया कोलिसी. ट्राय दोन, मापिम्पीचा आणि चेस्लिन कोल्बीचा. दोघेही विंगर.

तीन आकडे लक्षात ठेवा. विश्वचषक जिंकणाऱ्या अंतिम पंधरांत गोरे नसलेले खेळाडू: १९९५ मध्ये एक, २००७ मध्ये दोन, २०१९ मध्ये सहा. एक ते सहा व्हायला चोवीस वर्षं लागली. आणि ती का लागली, याचं उत्तर पोस्टरमध्ये नाही, शाळेच्या मैदानात आहे. कोलिसीला पोर्ट एलिझाबेथच्या ग्रे हायस्कूलची शिष्यवृत्ती मिळाली. उत्तम मैदान, प्रशिक्षक, पोटभर जेवण. मापिम्पीला असली शाळा मिळाली नाही, आणि तो पहिली कसोटी खेळला तेव्हा २७ वर्षांचा होता. गुणवत्ता दोघांतही होती. फरक रस्त्याच्या लांबीचा.

म्हणून 'संघात एक जण आहे ना, मग झालं की' असं कोणी म्हणालं, तर मला चेस्टर आठवतो. चार ट्राय करूनही तो त्या संघात एकटाच राहिला. दार उघडलं की नाही हे पहिला माणूस आत गेल्यावर कळत नाही. त्याच्यामागून किती जण आले, आणि त्यांना किती वेळ लागला, यावरून कळतं.

तुमच्या ऑफिसात, कॉलेजात, गावच्या संघात असा 'एकटा' कोणी होता का? असेल तर नक्की लिहा, त्यांच्या परवानगीने पुढच्या भागात वाचून दाखवेन. चला तर, भेटूया. काळजी घ्या!