थाई कोण, हे ठरवणारी धास्ती

थायलंडच्या नागरिकत्वाच्या इतिहासात जन्मभूमी मोठी की रक्त, हा वाद नेहमी घातला जातो. माझ्या मते त्यातून फारसं हाती लागत नाही. त्या त्या काळी बँकॉकच्या सत्ताधाऱ्यांना कोणाची धास्ती होती, एवढं पाहिलं की कायद्यातले मोठे फेरफार आपोआप उलगडतात. १९०९ साली चीनच्या छिंग दरबाराने कायदा केला की चिनी बापाचं मूल कुठेही जन्मो, ते चिनीच. सयाममध्ये, म्हणजे तेव्हाच्या थायलंडमध्ये, चिन्यांची वस्ती मोठी आणि व्यापारही बराचसा त्यांच्या हाती. शिवाय पाश्चात्त्य सत्तांशी झालेल्या असमान तहांच्या आडोशाने ब्रिटिश किंवा फ्रेंच संरक्षणाचा कागद मिळवायचा आणि सयामी न्यायालयांना टाळायचं, हा अनेक आशियाई रहिवाशांचा मार्ग होता. राजा वजिरावुधने १९१३ साली पहिला राष्ट्रीयत्व कायदा केला तो या पार्श्वभूमीवर. त्यात सयामी बापाच्या मुलांबरोबर सयामच्या भूमीवर जन्मलेला प्रत्येक जण सयामी ठरला. याला औदार्य म्हणावं, तर चिन्यांना ‘पूर्वेकडचे ज्यू’ म्हणून हिणवणारं लेखनही याच राजाचं. परक्या दरबाराने आपल्या प्रजेवर हक्क सांगू नये म्हणून घातलेलं ते कुंपण होतं.

पुढे धास्तीचं कारण बदललं. १९४६ मध्ये फ्रेंच फौजांपुढून हजारो व्हिएतनामी लोक मेकाँग ओलांडून ईशान्य थायलंडमध्ये आले. त्यांची मुलं तिथेच जन्मली, म्हणून थाई ठरली. मग १३ डिसेंबर १९७२ रोजी थानोम कित्तिकाचोर्नच्या लष्करी राजवटीने घोषणा क्रमांक ३३७ काढली. जन्माच्या वेळी परदेशी बाप (बाप कायदेशीर नसेल तर आई) तात्पुरत्या परवान्यावर किंवा विनापरवाना राहत असेल, तर मुलाचं राष्ट्रीयत्व रद्द, आणि तेही पूर्वलक्षी प्रभावाने. ‘तो युद्धाचा काळ होता, सावध राहणं राज्याचं कर्तव्यच होतं,’ असा यावर बचाव केला जातो. तो अगदीच पोकळ नाही. थायलंडच्या तळांवरून अमेरिकी विमानं व्हिएतनामवर बाँब टाकत होती आणि ईशान्येत हो ची मिन्हला मानणारे लोक होते. पण संशय घ्यायचा तर माणसाच्या कृतीवर घ्यावा. घोषणेने पाहिला तो आई-बापांचा परवाना, आणि तिच्या जाळ्यात युद्धाशी काडीचाही संबंध नसलेली, डोंगराळ सरहद्दीवरच्या जमातींची मुलंही अडकली.

‘चूक दुरुस्त झाली ना?’ हा दुसरा आक्षेप. १९९२ मध्ये घोषणा रद्द झाली, आणि बाप परदेशी असला तरी थाई आईचं मूल थाई मानलं जाऊ लागलं. २००८ च्या दुरुस्तीने घोषणेमुळे राष्ट्रीयत्व गमावलेल्यांना ते परत मिळवण्याची वाट खुली केली. पण काढून घेताना एक फर्मान पुरलं होतं. परत देताना प्रत्येकाकडून जन्माचा आणि वास्तव्याचा पुरावा मागितला गेला. नोंदींचा आधारही भरवशाचा नव्हता. २००२ मध्ये चियांग माई प्रांतातल्या मे आय इथे अधिकाऱ्यांनी १,२४३ गावकऱ्यांची नावं घरनोंदणीतून खोडली. ते बेकायदा होतं, असा सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाचा निर्णय यायला २००५ साल उजाडलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने सुमारे ४ लाख ८३ हजार लोकांसाठी प्रक्रिया सोपी करण्याचं ठरवलं. त्यातही नागरिकत्वाची वाट थायलंडमध्ये जन्मलेल्या मुलांसाठी आहे. बाकीच्यांना, म्हणजे बहुसंख्यांना, कायम वास्तव्याचा परवाना मिळणार आहे.