स्टर्लिंग शिष्यवृत्ती आणि सीडार बॉगचे तळे

शिष्यवृत्ती म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम गुणपत्रिकेवरचा पहिला क्रमांक येतो; मग वैद्यकी, मग स्थापत्य, आणि अलीकडे संगणक. तळ्याच्या बुडाचा गाळ डब्यात भरून आणणाऱ्या, त्यातले किडे मोजीत बसणाऱ्या मुलाला कोणी वर्षभर पोसावे, ही कल्पना आपल्याला जराशी गमतीचीच वाटते. असे गाळ मोजणारे विद्यार्थी जगात झाले आहेत, आणि त्यांपैकी एकाला योग्य वेळी मिळालेल्या एका वर्षाच्या वेतनाने एका शास्त्राला नवे वळण दिले आहे. ती हकीकत येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

सरोवरांचे शास्त्र तसे जुने नाही. स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा सरोवराच्या काठी मोर्झ गावी राहणारे फोरेल हे त्याचे आद्य पुरुष. लोझान येथे ते वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकवीत आणि उरलेला वेळ सरोवराला देत. ऱ्होन नदीचे गार, गढूळ पाणी सरोवरात शिरल्यावर वर तरंगत नाही, तर तळाशी जाऊन आपली घळ कोरीत पुढे सरकते, हे त्यांनी दाखविले. म्हणजे सरोवर समजायचे तर त्यात येणारी नदी आणि तिचा पाणलोट समजला पाहिजे, ही दृष्टी आरंभापासूनच या शास्त्रात होती. त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड १८९२ साली निघाला आणि तिसरा १९०४ साली. पुढे अमेरिकेत विस्कॉन्सिन येथे बर्ज आणि जुडे या जोडीने मेंडोटा सरोवर व त्या प्रांतातील इतर शेकडो तळी यांची मोजणी केली. ही सारी माणसे आपापल्या नोकरीत स्थिर झालेली होती. ज्याच्याजवळ नोकरी नाही, नाव नाही, पण डोक्यात एक प्रश्न आहे, अशा तरुणाचे काय, हा आमचा विषय.

रेमंड लिंडेमन याचा जन्म १९१५ सालचा, अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील शेतकऱ्याच्या घरचा. मिनेसोटा विद्यापीठात डॉक्टरेटसाठी त्याने जो विषय घेतला तो पाहून कोणाही व्यवहारी पालकाने कपाळाला हात लावला असता. मिनीअपोलिस शहराच्या उत्तरेला सीडार बॉग नावाचे तळे आहे. तळे म्हणायचे ते केवळ नावाला. खोली जेमतेम मीटरभर, सभोवार दलदल, आणि दरसाल काठाकडून आत सरकत येणारी वनस्पती. तळ्यांनाही वय असते. गाळाने आणि झाडोऱ्याने भरत भरत ती एके दिवशी जमीन होतात. सीडार बॉग हे असे म्हातारे झालेले तळे होते. त्यात ना मासेमारीचा फायदा, ना नौकाविहाराची शोभा.

या तळ्यावर लिंडेमनने सुमारे पाच वर्षे काढली. पत्नी एलेनोर त्याच्या बरोबरीने काम करी. शैवाल, पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, चिखलातल्या अळ्या, पाणकिडे, पाणवनस्पती, सारे काही गाळून, वेचून, वाळवून, तोलून वहीत मांडायचे. मिनेसोटाचा हिवाळा आपल्याला कल्पनेनेच समजून घ्यावा लागेल. महिनोन् महिने तळ्यावर बर्फाचे जाड झाकण बसते. खालच्या पाण्याला ना हवा मिळते, ना पुरेसा उजेड. बुडाचा कुजणारा पाला उरलासुरला प्राणवायूही खाऊन टाकतो. अशा गुदमरलेल्या पाण्यात वसंतापर्यंत कोण तगते आणि कोण मरते, हे पाहण्यासाठी लिंडेमनने प्रयोगशाळेत कृत्रिम हिवाळा निर्माण करून तळातले जीव त्यात ठेवून पाहिले. त्यावर त्याने स्वतंत्र निबंधही लिहिला. १९४१ साली त्याला डॉक्टरेट मिळाली.

पदवी हाती आली, वह्या आकड्यांनी भरल्या. पण या आकड्यांतून एक मोठा विचार वर येऊ पाहत होता, आणि तो मांडायला सवड हवी होती. ती सवड येल विद्यापीठाच्या स्टर्लिंग शिष्यवृत्तीने दिली.

या शिष्यवृत्तीचा थोडा इतिहास सांगितला पाहिजे. जॉन स्टर्लिंग हे न्यूयॉर्कचे एक बडे वकील, येलचे माजी विद्यार्थी. १९१८ साली ते वारले आणि आपल्या संपत्तीचा फार मोठा भाग विद्यापीठाला ठेवून गेले. त्यातून ग्रंथालय उभे राहिले, अध्यापकांची पदे निर्माण झाली आणि संशोधकांसाठी वेतनेही ठेवली गेली. वकीलसाहेबांना चिखलातल्या अळ्यांची आवड असेल असे मानण्यास काही कारण नाही. पण दान देताना विषयाचे कुंपण घातले नाही म्हणजे ते कोठे जाऊन फळेल हे दात्यालाही सांगता येत नाही.

दुसरा योगायोग याहून मौजेचा. येलमध्ये लिंडेमनला मार्गदर्शक लाभले ते एव्हलिन हचिन्सन. हे मूळचे केंब्रिजचे. दक्षिण आफ्रिकेत अध्यापक असताना त्यांनी तेथील उथळ पाणथळींचा अभ्यास आरंभिला. १९२८ साली याच स्टर्लिंग शिष्यवृत्तीसाठी त्यांनी तारेने अर्ज केला, पण मुदत टळून गेली होती! येलने त्यांना शिष्यवृत्तीऐवजी कनिष्ठ अध्यापकाची जागा देऊ केली, आणि ते आयुष्यभर तेथलेच झाले. आपल्या देशाशीही त्यांचा संबंध आला. १९३२ साली येलच्या उत्तर हिंदुस्थान मोहिमेतून ते लडाखला आले आणि सव्वाचार हजार मीटर उंचीवरच्या पँगाँगसारख्या सरोवरांचे पाणी व जीव त्यांनी तपासले. आज पँगाँगच्या काठी छायाचित्रे काढून घेणाऱ्या प्रवाशांना याची वार्ता क्वचितच असते.

१९४१ च्या उत्तरार्धात लिंडेमन येलला आला आणि आपल्या प्रबंधाचे अखेरचे प्रकरण घेऊन बसला. त्याचा विचार सांगायला सोपा आहे. तळ्यात कोण कोणाला खातो याच्या याद्या पुष्कळ झाल्या. आता खाणारा आणि खाल्ला जाणारा या दोघांना एकाच मापाने मोजू. ते माप म्हणजे ऊर्जा. सूर्याने तळ्याच्या एका चौरस सेंटिमीटरावर वर्षाकाठी सुमारे १ लाख १९ हजार कॅलरी ओतल्या. त्यांतल्या वनस्पतींनी बांधून ठेवल्या फक्त १११. शाकाहारी जीवांच्या वाट्याला आल्या १५ च्या आतबाहेर, आणि त्यांना खाणाऱ्यांच्या वाट्याला ३. तळ्यातला चिखल, शेवाळ, किडे आणि ऊन असा सगळा संसार एका जमाखर्चाच्या वहीत बसला. सजीव आणि निर्जीव यांना वेगळे काढता येत नाही, हे त्यापूर्वीही शहाण्यांनी म्हटले होते; लिंडेमनने ते आकड्यांत मांडले.

हा निबंध त्याने ‘इकॉलॉजी’ या नियतकालिकाकडे पाठविला आणि तो नापसंत झाला. परीक्षक सामान्य नव्हते. एक होते विस्कॉन्सिनचे जुडे, दुसरे मिशिगनचे वेल्च, ज्यांचे सरोवरशास्त्रावरील पाठ्यपुस्तक त्या काळी सर्वत्र चाले. त्यांचे म्हणणे असे की, प्रत्येक सरोवराचा स्वभाव निराळा. एकदोन तळ्यांच्या आकड्यांवर एवढा मोठा सिद्धांत उभारणे घाईचे आहे. आधी मोजणी वाढू द्या. या दोघांना खलनायक ठरविण्याची कथाकारांना हौस असते. ती आम्हांस पटत नाही. आयुष्यभर नावेत बसून मोजमाप करणाऱ्या माणसाला तर्काचा इमला संशयास्पद वाटावा, यात गैर काही नाही. किंबहुना मेंडोटा सरोवराच्या ऊर्जेचा वार्षिक हिशोब स्वतः जुडे यांनीच १९४० साली प्रसिद्ध केला होता आणि लिंडेमनने तुलनेसाठी तोच वापरला. मात्र पुरेशी मोजणी कधी होते? विचार पुढे आल्याशिवाय काय मोजायचे हेच कळत नाही, असा हचिन्सन यांचा रोख होता. त्यांनी विद्यार्थ्याची बाजू घेऊन संपादक टॉमस पार्क यांना पत्र लिहिले. लिंडेमनने निबंध सुधारला, आणि पार्क यांनी परीक्षकांचा प्रतिकूल अभिप्राय असतानाही तो स्वीकारला.

येथे शिष्यवृत्तीचे खरे मोल दिसते. पैशापेक्षा तिने दोन गोष्टी दिल्या: एक वर्ष, आणि आपल्यासाठी भांडणारा वडीलधारा. मिनेसोटात हा तरुण नोकरीच्या शोधात लागला असता, तर नापसंतीचे पत्र आल्यावर निबंध पेटीत पडून राहिला असता, असे आम्हांस वाटते.

कारण वेळ फार थोडा होता. लिंडेमनला यकृताचा विकार होता. शिष्यवृत्तीचे वर्ष संपता संपता, २९ जून १९४२ रोजी तो वारला. वय अवघे २६. सत्ताविसावा वाढदिवस महिन्यावर आला होता. निबंध ऑक्टोबरात छापून आला, त्याच्या शेवटी हचिन्सन यांची छोटी टीप जोडून.

आज आपल्याकडच्या शाळेतील मुलेही ‘दहा टक्क्यांचा नियम’ लिंडेमनच्या नावावर पाठ करतात: एका पायरीची दहा टक्के ऊर्जा पुढच्या पायरीला मिळते. त्याचे मूळ आकडे इतके आज्ञाधारक नाहीत. सीडार बॉगमध्ये शाकाहारी जीवांना सुमारे १३ टक्के आणि त्यांना खाणाऱ्यांना जवळजवळ पाचवा हिस्सा मिळत होता. मेंडोटात तेच प्रमाण सुमारे ९ आणि ५-६ टक्के होते. प्रत्येक सरोवराचा स्वभाव निराळा, हे जुडे यांचे म्हणणे त्यांच्या प्रतिपक्षाच्याच कोष्टकात असे शिल्लक राहिले आहे. पाठ्यपुस्तकाला मात्र गोळाबेरीज प्रिय.

अमेरिकेतील सरोवर व समुद्रशास्त्रज्ञांची संस्था १९८७ पासून तरुण संशोधकाच्या उत्कृष्ट निबंधाला लिंडेमनच्या नावाचे पारितोषिक देते. सीडार बॉगचे तळे अजून भरून गेलेले नाही. त्याच्या भोवतीची जमीन १९४२ पासून संशोधनासाठी राखलेली असून मिनेसोटा विद्यापीठ तेथे दीर्घ मुदतीचे प्रयोग चालविते. उन्हाळ्यात विद्यार्थी तेथे येतात, गवत कापतात, वाळवतात, तोलतात, आणि त्या कामाचे त्यांना वेतन मिळते.