दोष पोटाच्या भिंतीचा, ठपका मातेवर

फ्रेंच शल्यचिकित्सक आंब्रुआझ पारे यांनी १५७३ मध्ये जन्मजात व्यंगांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. व्यंगांच्या कारणांत त्यांनी ईश्वरी कोप तर मोजलाच, शिवाय गर्भवतीची कल्पनाशक्ती आणि तिची बसण्याची रीत यांचाही समावेश केला. आपल्याकडे ग्रहणात विळी-सुरी हाती घेतल्याचा ठपका आजही गर्भवतीवर येतो. पोटाच्या भिंतीतील जन्मजात दोषांचा इतिहास अशा ठपक्यांना उत्तर देतो.

हे दोष प्रामुख्याने दोन. ‘गॅस्ट्रोस्कायसिस’मध्ये बहुधा नाभीच्या उजवीकडे छिद्र राहते आणि आतडी आवरणाविना गर्भजलात उघडी पडतात. ‘ऑम्फॅलोसील’मध्ये अवयव नाभीतूनच बाहेर येतात, परंतु त्यांवर पातळ पिशवी असते. दीर्घकाळ या दोहोंची नोंद सरमिसळ होत असे. १९५३ मध्ये मूर आणि स्टोक्स यांनी त्यांतील भेद स्पष्टपणे मांडला.

हा भेद केवळ नावांचा नव्हता. गॅस्ट्रोस्कायसिस विशीच्या आतील मातांच्या बाळांत अधिक आढळतो. धूम्रपान व मातेचे कमी वजन यांच्याशीही त्याचा संबंध दिसतो. ऑम्फॅलोसीलचे प्रमाण मात्र अधिक वयाच्या मातांत वाढते आणि त्यासोबत गुणसूत्रांचे वा हृदयाचे दोष वारंवार असतात. दोन्ही गट एकत्र मोजले, तर हे विरुद्ध कल एकमेकांना झाकून टाकतात.

तरीही संख्याशास्त्रीय संबंध म्हणजे कारण नव्हे. अमेरिकेत २००६ ते २०१२ या काळात गॅस्ट्रोस्कायसिसचे प्रमाण दर १०,००० जन्मांमागे सुमारे ५ होते. इतकी विरळ जोखीम काही पटींनी वाढली, तरी तरुण मातांची जवळजवळ सर्व बाळे या दोषापासून मुक्तच असतात. म्हणून एखाद्या मातेकडे बोट दाखवण्यास या आकड्यांत आधार नाही.

बाळ वाचण्याची कथा वेगळ्याच दिशेने घडली. १९६७ मध्ये शूस्टर यांनी बाहेर आलेले अवयव कृत्रिम आवरणात ठेवून टप्प्याटप्प्याने पोटात नेण्याची पद्धत मांडली. १९६८ मध्ये फिलाडेल्फियातील विल्मोर व डड्रिक यांनी केवळ शिरेवाटे दिलेल्या पोषणावर अर्भकाची वाढ होते, हे दाखवले. आतडी कामाला लागेपर्यंत बाळाला जगवणे त्यामुळे शक्य झाले.

या प्रगतीचे वाटप मात्र विषम आहे. ‘द लॅन्सेट’मध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ७४ देशांतील २६४ रुग्णालयांच्या अभ्यासात गॅस्ट्रोस्कायसिसचा मृत्युदर श्रीमंत देशांत १.४ टक्के, मध्यम उत्पन्नाच्या देशांत सुमारे ३२ टक्के, तर गरीब देशांत ९० टक्के आढळला. दोष एकच, अंतर पडले ते उपचारांच्या उपलब्धतेमुळे.

भारतात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार ८८.६ टक्के प्रसूती आरोग्यसंस्थांत होतात. परंतु अशा प्रत्येक संस्थेत नवजात-शल्यचिकित्सक नसतो. आजारी नवजातासाठी मोफत वाहन व उपचारांची तरतूद ‘जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमा’त २०११ पासून आहे. अठराव्या ते विसाव्या आठवड्यातील सोनोग्राफीत दोष दिसला, तर प्रसूती शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयातच योजता येते. तो जन्मानंतरच कळला, तर आतडी स्वच्छ प्लास्टिक पिशवीत झाकून, बाळाला उबदार ठेवून आणि शिरेवाटे द्रव देत तातडीने हलवावे लागते. मातेची उलटतपासणी घेण्यात जाणारा वेळ या कामी लागला, तर बाळाला त्याचा खरा उपयोग होईल.