टेंभुर्णीचे पान आणि शास्त्राचे पान



ज्या गावात आज आपण जमलो आहोत, त्या गावाचे नाव आणि एका झाडाचे नाव एकच आहे. टेंभुर्णीचे झाड आपल्यापैकी सर्वांनी पाहिले असेलच असे नाही. आता ह्या बाजूला शिवारभर ऊस उभा असतो. पण टेंभुर्णीचे पान मात्र सर्वांच्या ओळखीचे आहे. विडी ज्या पानात वळतात ते हेच पान. ऐन उन्हाळ्यात विदर्भाच्या रानांत ते तोडतात, जुड्या बांधून वाळवितात, आणि मग ते सोलापुरात येऊन हजारो बायांच्या सुपात पडते. व्यापारी त्याला तेंदूपत्ता म्हणतो. आणि जगातील कोणत्याही वनस्पतिसंग्रहालयात जाऊन विचारले, तर तेथे त्याला डायॉस्पायरॉस मेलॅनॉक्झायलॉन म्हणतात. मेलॅनॉक्झायलॉन म्हणजे काळ्या लाकडाचा.

माझी शाळा सातवीला सुटली. विडी कामगारांच्या संघटनेत वावरत असताना हे लांबलचक नाव एका सरकारी कागदावर मी प्रथम वाचले, आणि मनात प्रश्न आला की, आमच्या सुपातल्या पानाला हे नाव कोणी दिले? ते कोणत्या कागदावर लिहिले गेले, तो कागद कोणी तपासला, आणि तो तयार करण्यासाठी कोणाकोणाचे हात राबले? शास्त्रज्ञाचे हस्तलिखित कसे तयार होते व ते छापण्यास कसे जाते, हा विषय विद्यापीठातला खरा. परंतु जेथे श्रम आहे आणि श्रमाचे नाव कागदावर चढण्याचा प्रश्न आहे, तेथे आमच्यासारख्यांनाही दोन शब्द बोलण्याचा अधिकार आहे असे मी मानतो.

प्रथम हे पाहू की, अशा नावाची गरजच काय? गावोगावची नावे गोड आहेत, पण ती फसवी आहेत. ब्राह्मी म्हणून एक वैद्य जी वनस्पती देतो, तिच्याहून अगदी निराळी वनस्पती दुसरा वैद्य ब्राह्मी म्हणूनच देतो. एका नावाची दोन झाडे आणि एका झाडाची दहा नावे! औषधाच्या कामी ही चूक रोग्याच्या जिवाशी येते. म्हणून वनस्पती कोणती, ती कोठे मिळाली, तिचे पान, फूल, फळ कसे, हे अशा रीतीने लिहून ठेवावे लागते की, लिहिणाऱ्याला न पाहिलेल्या माणसानेही ते पडताळून पाहावे. शास्त्राचे हस्तलिखित म्हणजे मूलतः एवढेच. तो पडताळ्यासाठी दिलेला पुरावा आहे.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर असा कागद छापला गेला त्याला साडेचारशे वर्षे होऊन गेली. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत असे. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी तो वैद्य म्हणून जात असे. हिंदुस्थानातील औषधी वनस्पतींवरील त्याचा ग्रंथ 1563 साली गोव्यातच छापला गेला. छापखाना नवा, त्यामुळे चुका इतक्या झाल्या की, मागे लांबलचक शुद्धिपत्र जोडावे लागले. ग्रंथ संवादरूप आहे. ओर्ता आणि रुआनो नावाचा एक काल्पनिक पाहुणा बोलत बसले आहेत, आणि मधून मधून ओर्ता घरातल्या दासीला हाक मारतो. तिचे नाव आंतोनिया. ती जाते, हवी ती वनस्पती आणून पुढे ठेवते, आणि मग विद्वानांचे बोलणे पुढे चालते. मालुपा नावाचा एक देशी वैद्यही ह्या संभाषणात येतो आणि आपले ज्ञान सांगतो.

आता पुढची गोष्ट लक्ष देऊन ऐकावी. युरोपात हा ग्रंथ क्लुसियस नावाच्या थोर वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाती पडला. त्याने 1567 साली अँटवर्प येथे त्याचा लॅटिन संक्षेप प्रसिद्ध केला. गोव्याचे पुस्तक फारच थोड्यांच्या हाती गेले. युरोपभर विद्वानांनी वाचला तो हा संक्षेप. क्लुसियसने काम चोख केले. माहिती नीट लावली, टीपा दिल्या. पण संवादाचे रूप त्याने काढून टाकले. शास्त्राला गप्पा नकोत, वर्णन हवे, हे त्याचे म्हणणे त्याच्या दृष्टीने रास्तच होते. मात्र संवाद गेला, त्याबरोबर हाक गेली, आणि हाकेबरोबर आंतोनियाही गेली. वनस्पती राहिली आणि ती आणून देणारा हात पुसला गेला. कोणी दुष्टपणा केला नाही, कोणी कोणाचे काही चोरले नाही. लेख आटोपशीर करताना ती बाई गळून पडली एवढेच. श्रमाचे नाव इतिहासातून बहुधा असेच जाते.

ह्याच्या उलट उदाहरणही आहे. कोचीनचा डच गव्हर्नर व्हान रीडे ह्याने मलबारच्या वनस्पतींवरील ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करविला. 1678 ते 1693 ह्या काळात तो ॲम्स्टरडॅम येथे निघाला. त्याच्या पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट ह्या तीन कोंकणी वैद्यांचा दाखला त्यांच्या नागरी लिपीत छापलेला आहे. इट्टी अच्युतन ह्या मल्याळी वैद्याचा दाखलाही तेथेच आहे, त्यावर 20 एप्रिल 1675 ही तारीख आहे. माहिती कोणी सांगितली हे सांगणाऱ्याच्याच भाषेत, त्याच्याच नावानिशी छापले म्हणून ग्रंथाचे शास्त्रीय मोल काडीभर कमी झाले नाही. उलट साक्षीदार पुढे उभा राहिल्याने पुरावा बळकट झाला.

आता आपल्या टेंभुर्णीच्या पानाकडे वळू. विल्यम रॉक्सबर्ग हा स्कॉटिश डॉक्टर ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत तेलुगू मुलखात, सामलकोटच्या परिसरात, बरीच वर्षे होता. रानातून वनस्पती आणवाव्यात, ताज्या असतानाच त्यांचे वर्णन लिहावे, देशी चित्रकाराकडून त्यांची चित्रे काढवून घ्यावीत, असा त्याचा क्रम असे. तेलुगू लोक त्या झाडाला काय म्हणतात हेही तो टिपून ठेवी. अशी शेकडो चित्रे आणि वर्णने त्याने जहाजांतून लंडनला कंपनीच्या संचालकांकडे पाठविली. तेथे रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स ह्यांनी त्यांतून निवड केली, आणि कोरोमांडेल किनाऱ्यावरील वनस्पतींचा सचित्र ग्रंथ निघू लागला. त्याच्या 1795 च्या पहिल्या खंडात टेंभुर्णीचे वर्णन आणि चित्र आहे. आजही ह्या झाडाच्या शास्त्रीय नावापुढे रॉक्सबर्गचे नाव संक्षेपाने लिहितात. हा त्याचा मान आहे आणि तो त्याने कष्टाने मिळविला होता. पण ज्या देशी चित्रकारांनी पानाची शीर न् शीर रंगविली, त्यांची नावे त्या ग्रंथात कोणी लिहिली नाहीत. योगायोग पाहा! पानाला शास्त्राचे नाव मिळाले ते तेलुगू मुलखात, आणि सोलापुरात ते पान कातरून विडी वळणाऱ्या बायांपैकी कितीतरी जणींची मायबोली तेलुगूच आहे. तेव्हाचे हात अनामिक राहिले, आजचेही अनामिकच आहेत.

त्याच रॉक्सबर्गचा मोठा ग्रंथ, ‘फ्लोरा इंडिका’, त्याच्या हयातीत छापला गेलाच नाही. तो 1815 साली वारला. हस्तलिखित श्रीरामपूरच्या विल्यम कॅरीने छापण्यास घेतले. 1820 आणि 1824 साली दोन खंड निघाले, आणि संपूर्ण ग्रंथ निघावयास 1832 साल उजाडले. ज्या कॅरीने 1805 साली मराठीचे व्याकरण छापले, तोच हा कॅरी. हस्तलिखिताला धीर धरावा लागतो तो असा.

ग्रंथ निघण्यास वर्षे लागतात, तोवर शोध शिळा होतो. म्हणून नियतकालिके निघाली. रॉयल सोसायटीचे पत्रक 1665 सालापासूनचे. आपल्याकडे 15 सप्टेंबर 1883 रोजी मुंबईत आठ जणांनी मिळून नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापिली. त्या आठांत दोघे आपले होते: प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकविणारे डॉ. सखाराम अर्जुन. सखाराम अर्जुनांनी 1879 सालीच मुंबईतील औषधींची यादी प्रसिद्ध केली होती. परंतु सोसायटीचे नियतकालिक 1886 च्या जानेवारीत सुरू झाले, आणि सखाराम अर्जुन 1885 सालीच निवर्तले. ज्या पत्राचा पाया घालण्यात त्यांचा हात होता, त्याचा पहिला अंक त्यांना पाहावयास मिळाला नाही.

ती जागा पुढे कान्होबा रणछोडदास कीर्तिकरांनी भरून काढली. लष्करी वैद्यकीय सेवेत लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यापर्यंत गेलेला, टेनिसनचे काव्य ‘इंदिरा’ ह्या नावाने मराठीत आणणारा हा गृहस्थ. मुंबई इलाख्यातील विषारी वनस्पतींवर त्यांनी ह्याच नियतकालिकात लेखमाला लिहिली. वैद्यापुढे विष पोटात गेलेला रोगी येतो तेव्हा झाड कोणते हे निश्चित ठाऊक असावे लागते. तेथे अंदाज चालत नाही. कीर्तिकर 1917 साली वारले, आणि बामनदास बसूंसह लिहिलेला त्यांचा भारतीय औषधी वनस्पतींचा सचित्र ग्रंथ 1918 साली अलाहाबादहून निघाला. पुण्याच्या विज्ञानवर्धिनीचे, म्हणजे महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्सचे, 1946 सालापासून पहिले संचालक झालेले डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर हे मालवणचे. आज त्या संस्थेला त्यांचेच नाव आहे.

आता हस्तलिखित तयार करावयाचे म्हणजे काय करावयाचे? नवी वनस्पती सापडली असे वाटले की, फुलाफळांसह फांदी घेतात, कागदांत दाबून वाळवितात, जाड कागदावर चिकटवितात, आणि गाव, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव चिठ्ठीवर लिहितात. मग जुने ग्रंथ आणि जुने नमुने चाळून ती पूर्वी कोणी नोंदविलेली नाही ना, हे पाहतात. नंतर वर्णन, चित्र आणि नाव. ज्या नमुन्यावर नाव बसविले तो मूळ नमुना दाखविणे 1958 सालापासून आवश्यक आहे. नव्या वनस्पतीचे वर्णन लॅटिनमध्ये दिले पाहिजे असाही दंडक 1935 पासून 2011 अखेरपर्यंत होता; 2012 पासून इंग्रजीही चालते. मराठी अजून चालत नाही.

हे सारे संपादकाकडे गेले की, तो ते परीक्षकांकडे धाडतो. परीक्षक बहुधा निनावी असतो. तो लेख परत पाठवितो, शंका काढतो, नमुना पुन्हा पाहा म्हणतो. तरुण संशोधकाला हे जाचक वाटते. पण मला ते वाचताना आमची छाट आठवली. विडी मोजून घेणारा मूठभर विड्या बाजूला टाकतो. का टाकल्या हे विचारण्याची सोय नसते, आणि बाईची मजुरी तेवढ्याने बुडते. शास्त्रातल्या छाटीला कारण लेखी द्यावे लागते, आणि लेखकाला उत्तराचा हक्क असतो. कारणासह झालेली छाट हा अपमान नव्हे, ते शिक्षण आहे. मीही हे ठेच लागून शिकलो. तरुणपणी मी लिहिलेले एक मागणीपत्र एका कारखानदाराने परत केले. त्यात तारखा नव्हत्या, हजेरीचे आकडे नव्हते, नुसता संताप होता. त्या दिवसापासून आधी नोंदवही आणि मग भाषण, असा नियम मी केला. लेखी पुराव्यापुढे लहानमोठा राहत नाही. पडताळून खरे ठरले की सातवी शिकलेल्याचे म्हणणेही पंडिताला मान्य करावे लागते. शास्त्राच्या हस्तलिखिताचे खरे मोठेपण मला ह्यातच दिसते.

आणि म्हणूनच माझी एक मागणी आहे. येथून जवळच मोहोळच्या संशोधन केंद्रात 1930 नंतरच्या दशकात मालदांडी ज्वारीतून निवड करून एम पस्तीस-एक हा वाण काढण्यात आला. आपल्या ताटातली भाकरी आजही त्याचे गुण सांगते. निवड करणाऱ्या शास्त्रज्ञांचे ऋण आहेच. पण ज्या मालदांडीतून निवड झाली ती पिढ्यान्‌पिढ्या कोणी राखली? कणसे पारखून बियाणे बाजूला काढणाऱ्या, राखेत घोळून कणगीत ठेवणाऱ्या बायांनी आणि कुणब्यांनी. त्यांचे नाव कोठे लिहावयाचे?

जागा आहे, श्रोतेहो. वाळविलेल्या नमुन्याच्या चिठ्ठीवर गोळा करणाऱ्याच्या नावाची जागा असते. लेखाच्या अखेरीस आभाराची जागा असते. ज्याने ज्ञानात खरी भर घातली त्याच्यासाठी लेखकांच्या ओळीतही जागा करता येते. ह्या गावातली मुलेमुली आता कृषी महाविद्यालयांत, विद्यापीठांत जातात. त्यांपैकी कोणी उद्या एखाद्या रोपाविषयी लेख लिहून संपादकाकडे धाडील. त्याला माझे सांगणे इतकेच की, बाळ, नमुना नीट वाळव, तारीख लिही, छाट आली तर रुसू नकोस, कारण वाचून पुन्हा लिही. आणि पाकीट बंद करण्यापूर्वी एकदा आठवून पाहा, ते रोप तुला रानातून कोणी आणून दिले, त्याचे गावचे नाव कोणी सांगितले. ते नाव लिहिले आहेस ना, तेवढे पाहा. आंतोनियाला पुन्हा गळू देऊ नकोस.