कलगी, तुरा आणि समोरच्याची पाळी

आमच्या हुडकेश्वरची पोरं मोबाइलवर एकेक पात्र वाटून घेतात आणि आळीपाळीने लिहीत गोष्ट पुढे नेतात. घरच्यांना हे नवं खूळ वाटतं. पण खेळ जुनाच आहे.

विदर्भाच्या खडी गंमतीत बरेच संवाद उभ्या उभ्याच सुचत. कलगी-तुऱ्याच्या शाहिरीत एक फड शक्तीची बाजू घेई, दुसरा शिवाची. परंपरा सांगते, की चंदेरीच्या राजाने तुकनगीर गोसाव्याला तुरा दिला आणि शाह अली फकिराला कलगी. म्हणजे शक्तीची बाजू फकिराकडे! बाजू मांडली म्हणून त्याचं फकीरपण गेलं नाही. पुढे पेशवाईच्या अखेरीस जेजुरीचे सगनभाऊ, मुसलमान शिकलगार, मराठी लावण्या रचत होनाजी बाळाच्या तोडीस तोड उभे राहिले.

सवाल-जवाबाची रीत साधी आहे. सवाल पुरता ऐकावा. जवाब त्याच सवालाला द्यावा. समोरच्याच्या तोंडी आपले शब्द घालू नयेत. आपलं बोलणं असं संपवावं, की त्याला पुढे बोलायला जागा उरेल. मोबाइलवर लिहितानाही एवढंच पाळायचं आहे.

आणि एक. गोष्टीतल्या भांडणात समोरच्याचं नाव वाचून त्याचा धर्म काढला, की खेळ संपला. पात्राचा राग पात्रापाशीच राहू द्यावा.