‘स्थायी’, ‘नियमित’ आणि ‘किमान’ : रोजंदारांच्या वेतनाविषयीच्या तीन वाक्यांवर भाष्य

पांढुर्णा आणि सौंसर हा मराठी मुलूख १ नोव्हेंबर १९५६ नंतरही मध्य प्रदेशातच राहिला. त्यामुळे इथल्या रोजंदाराचे घर मराठीत चालते आणि त्याच्या नोकरीचा कागद हिंदीत येतो. तो स्वतःला ‘मस्टरवरचा’ म्हणवतो. कार्यालय त्याला ‘दैनिक वेतनभोगी’ लिहिते, वर्तमानपत्र ‘दैवेभो’ छापते. त्याच्या शेजारी तेच काम करणारा दुसरा माणूस ‘पर्मनंट’ असतो. या दोघांच्या पगारात किती अंतर न्याय्य, हा प्रश्न तीन वाक्यांभोवती फिरतो. एक १९६३ च्या नियमांतले, दुसरे ७ ऑक्टोबर २०१६ च्या शासकीय परिपत्रकातले, तिसरे २६ ऑक्टोबर २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातले. त्यांचा आशय मी मराठीत देतो. तू दावा लिहायला बसशील तेव्हा मात्र मूळ पाठ शेजारी ठेव, कारण इथे एकेका उभयान्वयी अव्ययावर माणसाची वीस वर्षे अडकलेली असतात.

पहिले वाक्य. मध्य प्रदेश औद्योगिक नियोजन (स्थायी आदेश) अधिनियम १९६१, त्याखालील १९६३ चे नियम, मानक स्थायी आदेश क्रमांक २, खंड (१) :

“स्थायी कर्मचारी म्हणजे ज्याने एका किंवा अधिक पदांवरील स्पष्ट रिक्त जागेत, परिवीक्षाधीन म्हणून वा अन्य प्रकारे, सहा महिन्यांची समाधानकारक सेवा पूर्ण केली आहे असा, किंवा ज्याचे नाव मस्टर रोलमध्ये नोंदलेले आहे आणि ज्याला स्थायी कर्मचाऱ्याचे तिकीट दिलेले आहे असा.”

‘किंवा’ हा या वाक्याचा सांधा आहे. म्हणजे स्थायी होण्याच्या वाटा दोन. दुसरी वाट आधी पाहू, कारण ती लहान आहे. तिच्यात ‘आणि’ आहे. याचा अर्थ मस्टरवर नाव असणे पुरेसे नाही, तिकीटही हवे. तिकीट म्हणजे नियोक्त्याने दिलेली, माणूस स्थायी असल्याची लेखी ओळख. ज्याच्या हातात ते आहे त्याला वाद घालावा लागत नाही, आणि ज्याला वाद घालावा लागतो त्याच्या हातात ते नसते. म्हणून बहुतेक रोजंदारांची वाट पहिलीच.

‘सहा महिने’. ही मोजणी औद्योगिक विवाद कायद्याने रुजवलेल्या २४० दिवसांत मिसळू नकोस. ते २४० दिवस बारा महिन्यांच्या कालावधीतले असतात आणि ते कामावरून कमी करण्याविरुद्ध संरक्षण देतात. इथले सहा महिने दर्जा देतात. दोन्ही आकडे एकाच अर्जात येऊ शकतात, पण एकाने दुसऱ्याची जागा घेता येत नाही.

‘समाधानकारक’. समाधान कोणाचे? कामावर ठेवणाऱ्याचे, हे उघड. पण ते कशावरून कळावे? नियम गप्प आहे. माझे वाचन असे : सहा महिन्यांत एकही मेमो नाही, एकही ताकीद नाही आणि सातव्या महिन्यातही त्याच माणसाला हजेरीवर घेतले, तर समाधान त्या कृतीतच व्यक्त झाले. वर्षांनंतर न्यायालयात उभे राहून ‘सेवा समाधानकारक नव्हती’ म्हणणाऱ्याने त्या काळचा कागद दाखवावा.

‘परिवीक्षाधीन म्हणून वा अन्य प्रकारे’. ‘अन्य प्रकारे’ या दोन शब्दांतूनच रोजंदार या व्याख्येत येतो. नेमणूक कोणत्या नावाने झाली याला नियमाने महत्त्व दिलेले नाही.

आता ‘स्पष्ट रिक्त जागा’. सगळा वाद इथे आहे. जागा रिक्त आहे हे कशावरून ठरवायचे? एक वाचन : मंजूर पदांच्या यादीवरून. पद मंजूर असेल आणि त्यावर माणूस नसेल तरच जागा रिक्त. दुसरे वाचन : कामावरून. नळयोजनेचा पंप वर्षाचे बारा महिने चालवावा लागतो आणि चालवायला नियमित माणूस नाही, तर जागा रिक्तच आहे, यादी काहीही म्हणो. इंदूर विकास प्राधिकरणाच्या रोजंदारांच्या प्रकरणात, महेंद्र जैन निकालात, २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने पहिले वाचन घेतले : मंजूर पद हवे, आणि स्थायी आदेश हे भरतीच्या नियमांच्या व संविधानाच्या चौकटीतच वाचायचे. १० एप्रिल २००६ च्या उमादेवी निकालात घटनापीठाने मागच्या दाराने भरती नको, हे तत्त्व आणखी पक्के केले. हे निकाल मान्य करूनच पुढे जायचे.

पण त्याच आदेशाचा खंड (६) वाच. तो ‘तात्पुरत्या’ कर्मचाऱ्याची व्याख्या करतो : मुळातच तात्पुरत्या स्वरूपाच्या कामासाठी घेतलेला, किंवा कायम स्वरूपाचे काम तात्पुरते वाढले म्हणून जादा घेतलेला. आणि शेवटी परंतुक येते : अशा कर्मचाऱ्याला सलग सहा महिन्यांहून अधिक काम करावे लागले, तर तो “खंड (१) च्या अर्थाने स्थायी कर्मचारी मानला जाईल”.

या परंतुकात ‘स्पष्ट रिक्त जागा’ हे शब्द नाहीत. ते नसणे हेतुपूर्वक आहे की ‘खंड (१) च्या अर्थाने’ या शब्दांनी ती अट परत आत आली? ती आत आली असे म्हटले तर अडचण उभी राहते. जादा म्हणून घेतलेल्या माणसासाठी रिक्त जागा नसतेच. असती तर तो जादा ठरला नसता. मग हे परंतुक कोणालाच लागू होणार नाही. कायद्यातला शब्द निष्फळ होईल असे वाचन टाळावे, हा अर्थनिर्णयाचा जुना नियम. शिवाय ‘मानला जाईल’ हे मानीव विधान आहे. म्हणजे वस्तुस्थितीत जे नाही ते कायद्यापुरते आहे असे धरायचे. जे आहे ते मानावे लागत नाही. म्हणून माझ्या मते परंतुकाने उणी असलेली अट भरून काढली आहे आणि माणसाला दर्जा दिला आहे. न्यायालयांचा कल कडक वाचनाकडे राहिला आहे हे तुला ठाऊक असले पाहिजे. तरी परंतुकाचे शब्द तिथे आहेत आणि ते मांडण्याचा अधिकार तुला आहे.

दुसरे वाक्य. परिपत्रक रोजंदारांना ‘स्थायीकर्मी’ ही श्रेणी देते. अट दोन तारखांची : १६ मे २००७ रोजी कामावर असलेला आणि १ सप्टेंबर २०१६ रोजीही कामावर असलेला. त्यानंतर वेतन :

“अकुशल ४०००-८०-७०००, अर्धकुशल ४५००-९०-७५००, कुशल ५०००-१००-८०००.”

वाक्यात क्रियापद नाही, पण सगळा अर्थ त्यातच आहे. पहिली संख्या म्हणजे आरंभीचे मूळ वेतन. मधली म्हणजे वर्षाची वाढ. शेवटची म्हणजे कमाल मर्यादा. यावर महागाई भत्ता वेगळा. मस्टरवरच्या माणसाला हजेरीच्या भावाऐवजी वेतनश्रेणी मिळाली, दरवर्षी वाढ मिळाली, हे या वाक्याने दिलेले आहे आणि ते मोलाचे आहे.

आता हिशेब. अकुशल श्रेणीत ४००० ते ७००० हे अंतर ३०००, वाढ ८०. सदतीस वाढींनंतर माणूस ६९६० वर पोचतो. म्हणजे कमाल मर्यादा गाठायला एका माणसाचे कामाचे सगळे आयुष्य लागते. याचा गर्भितार्थ असा की ७००० हा आकडा लिहिला आहे, पण तो फारसा कोणाच्या हाती लागायचा नाही. दुसरे, ८० म्हणजे ४००० चे दोन टक्के, आणि तेही आरंभीच्या रकमेचे. वाढीवर वाढ नाही. सातव्या वेतन आयोगाच्या पद्धतीत नियमित कर्मचाऱ्याची वार्षिक वाढ त्या वेळच्या मूळ वेतनाच्या तीन टक्के असते, म्हणजे चक्रवाढ. वीस वाढींनंतर स्थायीकर्म्याचे ४००० हे ५६०० होतात, म्हणजे १.४ पट. नियमिताचे मूळ वेतन तेवढ्याच काळात सुमारे १.८ पट होते. पहिल्या दिवशी दोघांत अंतर होतेच. ते दरवर्षी रुंदावत जाते. म्हणून दोन पगारांची तुलना करताना फक्त चालू महिन्याच्या पावत्या समोर ठेवू नकोस. मधला आकडा पाहा. अन्याय असेल तर तो तिथे सापडेल.

‘स्थायीकर्मी’ हे नाव पहिल्या वाक्यातल्या ‘स्थायी’ची आठवण देते, पण दोन्ही एक नव्हेत. तिथला दर्जा नियमातून आणि कामगार न्यायालयातून येतो, हा परिपत्रकातून. आणि दोघांपैकी कोणीच ‘नियमित’ नाही. नियमित म्हणजे मंजूर पदावर, भरतीच्या नियमांनुसार, पूर्ण वेतनश्रेणीत बसलेला. सौंसरच्या बाजारात तिघांनाही ‘पर्मनंट’ म्हटले जाईल. तू अर्जात तसे म्हणू नकोस.

तिसरे वाक्य. परिपत्रकानंतर एकोणीस दिवसांनी, पंजाब राज्य विरुद्ध जगजित सिंग या प्रकरणात न्यायमूर्ती जगदीश सिंग खेहर आणि न्यायमूर्ती शरद बोबडे यांचे पीठ. बोबडे नागपूरचे, आणि २०१२ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झालेले. वाक्य असे :

“प्रस्तुत प्रकरणांतील सर्व संबंधित तात्पुरते कर्मचारी वेतनश्रेणीच्या किमान टप्प्याचे वेतन मिळण्यास हक्कदार राहतील, ही वेतनश्रेणी म्हणजे तेच पद धारण करणाऱ्या नियमित कर्मचाऱ्यांना दिली जाणारी.”

‘प्रस्तुत प्रकरणांतील’. प्रकरणे पंजाबची. मग पांढुर्ण्याच्या माणसाला काय? संविधानाच्या अनुच्छेद १४१ नुसार सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा देशभर बंधनकारक. रकमेचा आदेश पंजाबच्या लोकांसाठी, तत्त्व सर्वांसाठी.

‘तात्पुरते कर्मचारी’. यात रोजंदार, तदर्थ, नैमित्तिक, कंत्राटी असे सगळे धरले आहेत. समान कामाला समान वेतन हे शब्द अनुच्छेद ३९(घ) मध्ये स्त्री-पुरुषांच्या संदर्भात आहेत. १९८२ च्या रणधीर सिंग निकालाने ते अनुच्छेद १४ आणि १६ बरोबर वाचले आणि दोन प्रवर्गांतल्या अंतरालाही लावले. खेहर-बोबडे पीठ त्याच वाटेने पुढे गेले. कमी पगार माणूस स्वखुशीने घेत नाही. घरच्यांना दोन घास मिळावेत म्हणून तो स्वाभिमानाची किंमत देऊन घेतो, असे त्या निकालाने स्पष्ट नोंदवले. ‘त्याने स्वतःच त्या दराने काम पत्करले’ या युक्तिवादाला यापेक्षा सरळ उत्तर मी वाचलेले नाही.

‘किमान’. इथे फार जपून. १९४८ च्या किमान वेतन कायद्याने रुजवलेले किमान वेतन वेगळे. ‘कलेक्टर रेट’ त्या कुळातला : त्याच्या खाली कोणालाही राबवून घेता येत नाही. त्याचीही फेररचना पाच वर्षांच्या आत व्हायला हवी होती. मध्य प्रदेशात २०१४ नंतरची १ एप्रिल २०२४ पासून आली, आणि मग उच्च न्यायालयाच्या इंदूर पीठापुढे अडकून त्या वर्षाच्या डिसेंबरात मोकळी झाली. तिसऱ्या वाक्यातले ‘किमान’ म्हणजे नियमित वेतनश्रेणीची पहिली पायरी. कलेक्टर रेट मिळतो म्हणून हा हक्क भागत नाही.

पण पहिल्या पायरीवर चढलेल्याला दुसरी पायरी आहे का? वाक्यात ‘वाढ’ हा शब्द नाही. सात आठवड्यांनी, १५ डिसेंबर २०१६ रोजी, मध्य प्रदेशच्याच रोजंदारांच्या प्रकरणात, राम नरेश रावत विरुद्ध अश्विनी राय, न्यायमूर्ती ए. के. सिक्री यांच्या निकालाने उत्तर दिले : स्थायी आदेशांखाली ‘स्थायी’ ठरलेल्याला नियमित वेतनश्रेणीचे किमान मिळेल, वार्षिक वाढ नाही, वाढ नियमितीकरणानंतर. म्हणजे पहिले आणि तिसरे वाक्य एकत्र वाचले, आणि ‘स्थायी’ व ‘नियमित’ यांच्यामध्ये रेघ ओढली. शब्दांच्या बाजूने हे वाचन टिकते. तरी त्याचा परिणाम नीट पाहा : पंचवीस वर्षे पंप चालवणारा आणि काल रुजू झालेला एकाच पायरीवर. वार्षिक वाढ ही अनुभवाची किंमत असेल, तर अनुभव तर दोघांनाही सारखाच साचतो, नियमिताला आणि मस्टरवरच्याला. समान कामाचे तत्त्व मान्य करून कामाच्या वर्षांची किंमत शून्य धरणे मला तत्त्वाशी विसंगत वाटते. २० डिसेंबर २०२४ च्या जग्गो निकालात न्यायमूर्ती विक्रम नाथ आणि न्यायमूर्ती प्रसन्न वराळे यांनी केंद्रीय जल आयोगातल्या सफाई कामगारांना आणि माळ्याला नियमित करायला लावले आणि दीर्घ, अखंड, आवश्यक सेवेविरुद्ध उमादेवीची ढाल करू नये असे बजावले. वाढीकडे जायचे तर आज रस्ता हाच : आधी नियमितीकरण मागायचे.

‘तेच पद’. शेवटचा शब्दसमूह, आणि दावे जास्त करून इथेच हरतात. समानता सिद्ध करण्याचा भार मागणाऱ्यावर आहे, हे जगजित सिंग निकालातच आहे. पदनाम सारखे असून काम वेगळे असू शकते. जबाबदारी, विश्वासार्हता, पात्रता यांत फरक दाखवता येतो. उलट पदनाम वेगळे लिहून काम तेच करून घेतलेले असते. म्हणून नाव नव्हे, काम दाखवायचे. पंपाच्या लॉगबुकात कोणत्या पाळीत कोणाची सही आहे, रजेवरच्या नियमित माणसाच्या जागी कोणाला पाठवले, ड्युटीचा आदेश कोणाच्या नावे निघाला, चावी कोणाकडे असते. हे कागद कार्यालयात असतात. माहितीच्या अधिकारात, २००५ च्या कायद्याखाली, वर्ष आणि पाळी नमूद करून त्यांच्या प्रती माग. नियमित माणसाच्या आणि आपल्या माणसाच्या नोंदी एकाच महिन्याच्या घे, म्हणजे तुलना करताना ऋतूचा किंवा कामाच्या ताणाचा फरक पुढे करता येणार नाही.