कचारगड : दरवर्षी जुळणारी, दरवर्षी पांगणारी संघटना

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात, छत्तीसगडच्या सीमेलगतच्या डोंगरात कचारगडची विशाल गुहा आहे. गोंडी धर्मपरंपरेतील, म्हणजे कोया पुनेममधील आख्यानानुसार काली कंकालीची मुले या गुहेत कोंडली गेली आणि पारी कुपार लिंगोने त्यांची सुटका केली. दाराची शिळा हटवताना संगीतकार हीरासुका पाटालीर तिच्याखाली चिरडला गेला.

श्रद्धा जुनी आहे. माघ पौर्णिमेच्या यात्रेचे आजचे भव्य रूप मात्र जेमतेम चार दशकांचे. 1980 च्या दशकात मूठभर कार्यकर्त्यांनी त्याचा पाया घातला. त्यांतले अग्रणी मोतीरावण कंगाली (1949–2015) हे नागपुरात रिझर्व्ह बँकेत नोकरी करणारे भाषाभ्यासक. मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी टिपून ठेवलेले लिंगोचे आख्यानगीत 1866 मध्येच छापले गेले होते. त्यातील ‘कचिकोपा लोहागड’ म्हणजेच कचारगड, अशी मांडणी कंगालींनी केली. स्थाननिश्चितीवर वाद घालता येईल. पण संघटनेच्या दृष्टीने हा निर्णय विलक्षण होता.

कारण प्रश्न नकाशाचा होता. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, आदिलाबाद आंध्रात, उरलेला मोठा गोंड प्रदेश मध्य प्रदेशात. गोंड मुले कुठे मराठीत, कुठे हिंदीत, कुठे तेलुगूत शिकू लागली. एका राज्यात मुख्यालय थाटले असते, तर संघटना त्या राज्यापुरतीच उरण्याचा धोका होता.

व्यवस्थापनशास्त्रात ज्याला प्रकल्पाधिष्ठित संघटना म्हणतात, तिच्याशी या यात्रेचे साम्य आहे. एका कामासाठी माणसे जुळतात, काम संपले की पांगतात. धोरण वरून उतरत नाही, त्या कामातूनच घडते. कचारगडला व्यवस्था पाहणारी स्थानिक समिती आहे खरी, पण अनेक राज्यांतून येणारा समाज कुणाच्या हुकमाखाली नसतो. ठरलेल्या गोष्टी दोनच : स्थळ आणि तिथी. जवळच दरेकसा हे मुंबई–हावडा मार्गावरील स्थानक आहे, हेही काही थोडे नव्हे! बाकीचे सारे, म्हणजे भाषेचा आग्रह आणि स्वतंत्र धर्म म्हणून नोंदीची मागणी, अशा मेळ्यांतल्या चर्चांतून आकाराला आले.

2011 च्या जनगणनेत दहा लाखांहून अधिक लोकांची नोंद गोंड धर्माखाली झाली. त्याचे श्रेय एकट्या यात्रेला देणे अतिशयोक्त ठरेल. पण धर्माच्या रकान्यात काय लिहायचे, हे सांगणारे एकही कार्यालय या लोकांकडे नव्हते.